एकास तीनशे वीस

पालच्या विश्रामगृहामागे पिंजरा लावला,
आत केळी नाही ठेवली.
"सावद्याच्या बागेत जे फुकट मिळतं
त्याच्यासाठी कोण आत शिरेल?"
रुबाब तडवी म्हणाले, आणि खिशातून
भाजलेल्या शेंगा काढल्या.

तिसऱ्या दिवशी ती आली.
लाल तोंड, आखूड शेपूट, डावा कान फाटलेला.
तापीच्या या काठाचं माकड असंच;
पलीकडचं टोपीवालं, लांब शेपटीचं.
नदीनं सोयरीक तोडलीय दोघांची.
डासाला नदी म्हणजे नुसतं पाणी,
तेही साचलं तर कामाचं.

भूल चढली. तिचा पंजा माझ्या हातात आला.
तळव्यावर रेषा होत्या.
तीन मिली. मादी, प्रौढ, क्रमांक सतरा.
पोटाला पिल्लू: सतरा-अ.
कुंपणापलीकडून शेणाचे हात तसेच धरून
एक बाई विचारत होती,
"कायले रगत काढता वो मुक्या जनावराचं?"
मी म्हटलं, मावशी, मुकं आहे म्हणूनच.

बोलणारे चुकीचं सांगतात.
ज्या वर्षी आमची अख्खी आळी फैजपुरात
भिंत धरून चालत होती
त्या वर्षी आपल्याला ताप नव्हताच,
असं माझे वडील, सुपडू फिरके, अजून सांगतात.
घड उतरवताना खांदा लचकला म्हणे.
दोन्ही खांदे? दोन्ही घोटे?
रक्त असं काही म्हणत नाही.
ताप केव्हाच निघून जातो,
ते त्याची मापं ठेवून घेतं,
गिऱ्हाईक गाव सोडून गेलं तरी
शिंप्याच्या वहीत राहतात तशी.

कधी मापं दुसऱ्यालाही बसतात.
डेंग्यूसाठी शिवलेलं जपानी मेंदूज्वराला होतं,
वेस्ट नाइललाही, ओढूनताणून.
अशा वेळी आम्ही लिहितो: संदिग्ध.
शेवटी शेवटी आजोबा मला काशी म्हणायचे.
काशी त्यांची बहीण, विहिरीत गेलेली.
घराणं बरोबर ओळखलं होतं,
नाव तेवढं चुकलं.

सतराचं संदिग्ध नव्हतं. चिकुनगुनिया, सरळ.

जळगाव. शहाण्णव खळग्यांची प्लेट.
पेशी वाचल्या की जांभळा रंग धरतात,
मेल्या की खळगा नितळ.
वरच्या ओळीत, तुलनेला,
ज्याचं सगळं माहीत आहे असं रक्त लागतं.
मागवलेलं आलं नाही.
मी बाही वर केली.

पहिली ओळ मी, दुसरी ती.
वीसपट पाणी घातलं: जांभळं.
चाळीस. ऐंशी. एकशे साठ.
तीनशे वीस.
सहाशे चाळीसला दोघीही नितळ.
मी चष्मा पुसून पुन्हा मोजलं.

कोणत्या साली, ते रक्त सांगत नाही.
माझं मला ठाऊक आहे:
तीन आठवडे वेणी आईनं घातली,
भाकरीचा तुकडा मोडता येत नव्हता,
नळ सोडता येत नव्हता.
हिनं त्या बोटांनी फांदी कशी धरली?
कळप पुढे गेला असेल.
उन्हात खडकावर बसून राहिली असेल,
की खालच्याच फांदीवर,
जिथे कुत्री पोचतात?
नोंदवहीत याला रकाना नाही.

सतरा-अ: ऐंशी.
त्याला ताप आलेला नाही अजून.
हे आईचं, उसनं.
पाचसहा महिने पुरेल,
मग त्याचं त्यानं बघायचं.

मार्गशीर्षात रुबाबभाईंचा फोन आला.
"मॅडम, सतरा नंबर परत पिंजऱ्यात.
शेंगांची चटक लागली तिला. काय करू?"
खाऊ द्या, म्हटलं. मग दार उघडा.
"तिचं काही दुखतं का हो?
सोलायला लई येळ लावते."

फोन ठेवला.
उजवं मनगट डाव्या हातानं दाबत बसले.
इथे नऊ अंशांवर उतरलंय,
पालला तर आणखी खाली.